दुःखाच्या घरीं गोड

मराठी माणसाच्या आयुष्यांत गोडाचा मान मोठा आहे. परीक्षेचा निकाल लागला, लग्न ठरलें, नवें बिऱ्हाड झालें, कीं पहिला शब्द ठरलेलाच असतो: तोंड गोड करा. उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें पूर्वीं गूळ आणि पाणी ठेवीत. संक्रांतीस तिळगूळ, होळीस पुरणपोळी, पाडव्यास श्रीखंड अशी वर्षाची वाट गोडाच्या खुणांनीं आंखलेली असे. परंतु ह्याच समाजांत गोडासंबंधीं दुसराहि एक कायदा होता, आणि तो आज फारसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या घरांत मृत्यु झाला त्या घरांत सुतक फिटेपर्यंत गोड शिजत नसे. शेजारच्या घरून पिठलें-भात येई. तेराव्या-चौदाव्या दिवशीं आप्तेष्ट जमत, गोडाचें जेवण करीत, आणि त्या घराला पुन्हां संसाराच्या वाटेवर आणून सोडीत. शोकाचे दिवस आणि गोडाचा घांस ह्यांच्यामध्यें समाजानें एक भिंत उभी केली होती. आणि त्या भिंतींतील दार उघडण्याचा अधिकार शोक करणाऱ्याचा नव्हता, त्याच्या सोयऱ्या-शेजाऱ्यांचा होता.

आज हा क्रम उलटा झाला आहे. मन चिंतेनें ग्रासलें किंवा विनाकारण उदास झालें, कीं हात आपोआप साखरेकडे वळतो. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या बिऱ्हाडांत रात्रीं सारीं माणसें निजलीं असतां कोणी एकटाच उठून डबा उघडतो, आणि पोट भरलेलें असतांहि बिस्किटामागून बिस्किट संपवितो. घटकाभर बरें वाटतें. मग त्या बरें वाटण्याचीच लाज वाटूं लागते. आपली इच्छाशक्ति दुबळी आहे असें तो स्वतःस बजावतो, आणि त्या दुःखावर दुसरे दिवशीं पुन्हां गोडाचाच उतारा घेतो. ह्या ओढीचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र असें दिसतें कीं, हा एकट्या माणसाचा अपराध नव्हे. मुंबईच्या उपनगरांत तरी ह्या संवयीचें वय जेमतेम शंभर वर्षांचें आहे.

साखर हा शब्द संस्कृत शर्करेपासून आला, आणि तोच शब्द फारसी-अरबीच्या वाटेनें युरोपांतील बहुतेक भाषांत जाऊन बसला. उसाच्या रसाचे खडे करण्याची विद्या ह्या देशाला फार पुरातन काळापासून अवगत आहे. तथापि मराठी मुलखांतील सामान्य घरांत रोजच्या उपयोगास होता तो गूळ, आणि तोहि मोजून. जुन्या शास्त्रकारांनीं गोडाला शत्रु मानलें नव्हतें, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या हठप्रदीपिकेंत मिताहाराचें लक्षण सांगतांना स्वात्माराम स्निग्ध आणि मधुर अन्नच घ्यावें असें सांगतो. अट एवढीच कीं, पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा. चरकसंहितेंत प्रमेहाच्या कारणांमध्यें बसून राहण्याचें सुख, निद्रेचें सुख आणि गुळाचे पदार्थ ह्यांची गणना एकत्र केलेली आहे. आणि रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद हा सर्वांत पुढें असें त्याच ग्रंथांत अन्यत्र म्हटलें आहे. पुढें सतराव्या शतकांत इंग्लंडांतील टॉमस विलिस ह्या वैद्यानेंहि मधुमेहाच्या कारणांत दीर्घ दुःखाचा उल्लेख केला. मनाची खिन्नता आणि देहांतील साखर ह्यांचें कांहीं तरी नातें आहे, हा संशय अशा रीतीनें फार जुना आहे. नवीन आहे तो साखरेचा सुकाळ, आणि त्याच्या जोडीला आलेला एकांत.

हा सुकाळ आणि हा एकांत उपनगरांत जवळजवळ एकाच काळीं आले. साष्टी बेटावर पूर्वीं भातखाचरें, आमराया, मिठागरें आणि कोळीवाडे होते. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास जाणारी पहिली आगगाडी धावली ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या शिवारांतूनच. १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे पश्चिमेची गाडी सुरू झाली. १८९६ च्या प्लेगनें शहरांतील पुष्कळ कुटुंबांस मोकळ्या हवेचा शोध घ्यावयास लाविलें. आणि ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी चालूं लागल्यावर अंधेरी-बोरिवलीस राहून फोर्टांत नोकरी करणें कारकुनाला सहज शक्य झालें. घर एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला, आणि मध्यें पासाची आगगाडी, अशी जिण्याची नवी रीत पडली. गांवाकडचें खटल्याचें घर सुटलें. जेवणाची वेळ भुकेवर राहिली नाहीं, ती वेळापत्रकावर गेली.

त्याच काळांत अंधेरीच्या दोन अंगांस दोन उद्योग सुरू झाले. २५ डिसेंबर १९१८ रोजीं वर्सोव्याच्या समुद्रकांठीं, दादाभाई नौरोजींच्या निवासस्थानीं, श्रीयोगेंद्र ह्या तरुणानें योगसंस्था स्थापिली. अरण्यांतील संन्याशाचा योग गृहस्थाच्या घरांत आणावा, नोकरी-संसार करणाऱ्याला आपल्या श्वासावर, निद्रेवर आणि जिभेवर ताबा मिळवितां यावा, असा त्याचा हेतु होता. ही संस्था १९४८ सालीं सांताक्रूझ येथें गेली आणि आजहि तेथें चालू आहे. दुसरीकडे अंधेरीच्या अलीकडील विलेपार्ल्यांत १९२९ सालीं चौहान कुटुंबानें अवघ्या बारा माणसांनिशीं एक कारखाना काढला. तेथें आधीं संत्र्याच्या स्वादाच्या साखरेच्या गोळ्या होऊं लागल्या, आणि १९३९ च्या सुमारास ग्लुकोजचीं बिस्किटें निघालीं. तोंवर बिस्किट ही बहुधा विलायतेहून डब्यांतून येणारी साहेबी वस्तु होती. ती आतां मजुराच्या आणि शाळकरी पोराच्या खिशाला परवडूं लागली. उपाशीं पोटीं कामावर जाणाऱ्याला तो मोठाच आधार होता, हें विसरतां कामा नये. पार्ल्याच्या स्थानकांत गाडी शिरली म्हणजे भाजत्या बिस्किटांचा गोड वास डब्यांत दरवळे, आणि डोळे मिटून उभा असलेला उतारूहि कोणतें स्थानक आलें तें ओळखी.

साखर स्वस्त होण्याचें कारण मात्र पार्ल्यांत नव्हतें. १९३२ पर्यंत ह्या देशांत पुष्कळशी पांढरी साखर जावा बेटांतून येत असे. त्या वर्षीं देशी साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. आणि तीस-बत्तीस कारखान्यांच्या जागीं चार-पांच वर्षांत शंभराहून अधिक कारखाने उभे राहिले. इकडे चहाचे प्रचारक रेल्वेच्या स्थानकांत आणि गिरण्यांच्या दारांशीं कढत चहाची गोडी लावीत होतेच. चहा हें साखरेचें वाहन झालें. ज्या घरांत सणाखेरीज गोड होत नसे, त्याच घरांत दिवसांतून तीन-चार वेळां दोन-दोन चमचे साखर पोटांत जाऊं लागली, आणि ती कोणी गोड म्हणून मोजलीच नाहीं.

मध्यंतरीं युद्ध आलें. मे १९४३ मध्यें मुंबईंत शिधावांटप सुरू झालें, आणि साखर शिधापत्रिकेवर आली. रांगेंत उभें राहून आणलेली साखर डब्यांत मोजून ठेवावयाची, पाहुणा आला तर आपल्या कपांतली कमी करावयाची, असे ते दिवस होते. डिसेंबर १९४७ मध्यें साखरेवरील नियंत्रण उठलें, भाव भडकले, आणि १९४९ सालीं तें पुन्हां बसवावें लागलें. पुढें १९५० च्या अखेरीस नगर जिल्ह्यांतील लोणी येथें विठ्ठलराव विखेपाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखान्यानें गळीत सुरू केलें, आणि महाराष्ट्र हा साखरेचा प्रांत झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ती एक क्रांतिच होती.

टंचाई संपल्यावर माणूस काय करतो, ह्याचें स्पष्ट उदाहरण ब्रिटनमध्यें पाहावयास मिळतें. तेथें १९४० पासून १९५३ पर्यंत साखरेवर शिधा होता. तो उठतांच माणशीं दररोजची साखर सुमारें चाळीस ग्रॅमवरून जवळजवळ दुप्पट झाली. त्या शिध्याच्या काळांत गर्भांत आणि बाल्यांत असलेल्यांची पुढील आयुष्यांतील प्रकृति तपासून कांहीं संशोधकांनीं २०२४ सालीं असें दाखविलें कीं, त्यांच्यांत मधुमेहाचा धोका सुमारें एक तृतीयांशानें कमी होता. माणसांचा स्वभाव दोन वर्षांत बदलत नाहीं. बदलली ती वस्तूची सुलभता. ओढ केवळ मनांत नसते, ती हाताच्या अंतरावरहि असते.

आतां मनाकडे वळूं. साखर स्वस्त होत होती त्या काळांत चिंताग्रस्त कारकुनाला जावयास जागा कोठें होती? मुलुंडच्या पुढचें स्थानक ठाणें. तेथें मनोरुग्णालय होतें. परंतु तें ज्यांचें भान हरपलें त्यांच्यासाठीं, आणि त्याच्या नुसत्या नांवानें घराची अब्रू जाई. जो रोज गाडी पकडतो, फाइली निकालांत काढतो, आणि आंतून मात्र खचत जातो, अशा माणसासाठीं साध्या रुग्णालयांत मनोविकारांची तपासणी सुरू झाली ती पुष्कळ उशिरां. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस ह्यांनीं १९३३ सालीं असा विभाग काढला. मुंबईंत १९३८ सालीं जे. जे. रुग्णालयांत डॉ. के. के. मसानी ह्यांनीं आरंभ केला. एका मोठ्या शहराला हें दार फारच अरुंद होतें. साखरेचें दार मात्र नाक्यानाक्यावर उघडें होतें. तेथें ना चिठ्ठी लागे, ना कोणी कांहीं विचारी. दुःखाची भाषा बोलावयास जागा नव्हती, म्हणून दुःखानें जिभेची वाट धरली.

त्या वाटेनें कांहींच मिळत नाहीं असें म्हणणें मात्र खोटें ठरेल. तान्ह्या बाळाला सुई टोंचतांना जिभेवर साखरपाण्याचे थेंब दिले तर तें कमी रडतें, हें डॉक्टरांस ठाऊक आहे. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें १९ स्त्रियांना बारा दिवस रोज गोड पेयें देऊन २०१५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध झाला; त्यांतील ज्यांच्या पेयांत खरी साखर होती, त्यांच्या शरीरांत ताणाच्या प्रसंगीं वाढणारें कॉर्टिसॉल कमी वाढलें. साखर मनाला क्षणभर शांत करते, ही माणसाची नुसती समजूत नाहीं. उदासीनतेच्या विकारांत पुष्कळांची अन्नावरची वासना उडते. पण कांहींची भूक उलट वाढते आणि ती गोडावर जाते. हेंहि त्या आजाराचेंच एक रूप आहे, हावरेपणा नव्हे.

परंतु उसन्या शांतीला व्याज पडतें. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांचा जो दीर्घ अभ्यास १९८५ पासून चालू आहे, त्याच्या आधारें २०१७ सालीं कांहीं निष्कर्ष मांडण्यांत आले. ह्या पुरुषांचें जिणें आमच्या उपनगरी कारकुनाहून फार निराळें नाहीं. गोड पदार्थ व पेयें ह्यांतून सर्वांत अधिक साखर घेणाऱ्या पुरुषांमध्यें, सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या मानानें, पांच वर्षांनंतर चिंता-औदासीन्याचे सामान्य विकार जडण्याची शक्यता २३ टक्क्यांनीं अधिक आढळली. आधीं मन बिघडलें म्हणून त्यांनीं साखर वाढविली, असें त्या आंकड्यांत दिसलें नाहीं. अर्थात् एका अभ्यासानें कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. तरी सावध करण्यास तो पुरेसा आहे. दुसरें व्याज निद्रेचें. शिकागो येथें २००४ सालीं बारा निरोगी तरुणांना दोन रात्रीं केवळ चार-चार तास झोपूं दिलें, तेव्हां त्यांची भूक सुमारें २४ टक्क्यांनीं वाढली, आणि ती विशेषेंकरून गोड, खारट व पिठूळ पदार्थांवर गेली. बोरिवलीहून पहांटेची गाडी गांठणारा आणि रात्रीं उशिरां परतणारा माणूस ह्या प्रयोगांत वर्षानुवर्षें, न विचारतां, दाखल झालेला आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे साखरेशीं लढाई जाहीर न करणें. आजपासून गोड बंद, अशी प्रतिज्ञा करणारा बहुधा चौथ्या दिवशीं दुप्पट खातो; स्वात्माराम अधिक शहाणा होता. मर्यादा मात्र आंकड्यांत ठाऊक असावी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आंत ठेवावी, आणि पांच टक्क्यांच्या आंत ठेवल्यास अधिक उत्तम, असें सांगितलें. हें दुसरें प्रमाण म्हणजे सुमारें २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. दोन चमच्यांचे चार कप चहा झाले, कीं बिस्किटाच्या पुड्याला हात लावण्यापूर्वींच ती मर्यादा ओलांडलेली असते. चहांतील साखर दर आठवड्यास थोडी थोडी उणी केली तर जिभेला तो बदल सोसतो.

दुसरा उपाय पोटाचा. सकाळीं नुसत्या चहावर निघालेल्या माणसाला संध्याकाळीं पांच वाजतां जी गोडाची ओढ लागते ती पुष्कळदां साधी भूक असते. ऑस्ट्रेलियांत २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत औदासीन्याच्या ६७ रुग्णांपैकीं कांहींना बारा आठवडे आहारतज्ज्ञांनीं योग्य जेवणाची वाट दाखविली, आणि इतरांना तितकाच वेळ केवळ सोबत दिली. पहिल्या गटांतील सुमारें ३२ टक्के लोक विकारांतून बाहेर आले, दुसऱ्यांतील ८ टक्के. तें जेवण परदेशी होतें. परंतु त्याचें मर्म म्हणजे अखंड धान्य, कडधान्य, भाज्या, फळें, सुकीं फळें आणि मासे. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, एखादें फळ, आणि वर्सोव्याच्या कोळणीचा बांगडा ह्यांत तें सारें आहे. त्या आहारांतहि गोड सर्वस्वी वर्ज्य नव्हतें. तें आठवड्यांतून मोजक्या वेळींच होतें.

तिसरा उपाय पायांचा. इंग्लंडांतील एक्सिटर विद्यापीठांत कामाच्या मेजावर चॉकलेटची वाटी ठेवून प्रयोग केला, तेव्हां जे आधीं पंधरा मिनिटें भरभर चालून आले त्यांनीं इतरांच्या सुमारें निम्मेंच खाल्लें. ओढ ही लाटेसारखी असते. ती चढते आणि ओसरतेहि. तिच्याशीं झुंजण्यापेक्षां ती ओसरेपर्यंत जिना उतरून एक फेरी मारावी, हें बरें. घरांतील मोठा पुडा हाताशीं न ठेवणें हाहि त्याच जातीचा उपाय होय.

येथें दोन इशारे आवश्यक आहेत. मधुमेहासाठीं इन्सुलिन किंवा कांहीं विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याला एकाएकीं घाम सुटून, हात कांपून गोड खावेसें वाटलें, तर तो मनाचा खेळ नव्हे. रक्तांतील साखर उतरल्याची ती खूण असूं शकते, आणि त्या वेळीं साखर तत्काळ घेतलीच पाहिजे. तसेंच मनोविकारावरील कांहीं औषधांनीं भूक व गोडाची वासना वाढते. तीं औषधें आपल्या मनानें बंद न करितां डॉक्टरांस सांगावें. आणि औदासीन्य दोन आठवड्यांवर टिकलें, कामांत व माणसांत मन लागेनासें झालें, जगणेंच नकोसें वाटूं लागलें, तर आहारावर विसंबून राहूं नये. १९३८ सालीं जें दार अरुंद होतें तें आज पुष्कळ रुंद झालें आहे. सरकारी रुग्णालयांत ह्या विकारांवर उपचार होतात, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस ह्या सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतूनहि बोलतां येतें.

विलेपार्ल्यांतील तो कारखाना २०१६ सालीं बंद झाला. गाडींतील उतारूंना आतां तो वास येत नाहीं. संवय मात्र वास गेल्यावरहि राहिली आहे. ती घालविण्याचा मार्ग जुन्या सुतकाच्या रीतींत अर्धा दडलेला आहे. त्या रीतींतील सोंवळें-ओंवळें परत आणण्याचें कारण नाहीं. परंतु दुःखी माणसाला त्याच्या डब्याबरोबर एकटें सोडूं नये, हें शहाणपण तींत होतें. शेजारी आधीं पिठलें-भात घेऊन येत, जवळ बसत, आणि गोडाचा घांस सर्वांनीं मिळून, वेळ झाल्यावर, घेतला जाई. ज्याला रात्रीं अकरा वाजतां बिस्किटाचा पुडा फोडावासा वाटतो त्याला बहुधा साखर नको असते; त्याला कोणीतरी विचारावयास हवें असतें कीं, बाबा रे, जेवलास का? मजल्यावर मजले चढलेल्या ह्या उपनगरांत एवढें विचारावयास अजूनहि फक्त समोरचेंच दार ठोठवावें लागतें.